बब्रुवानआबांचं मीठ

अणदूरच्या शिवारात कुणाच्याही दारी मांडव उभा राहिला, की आचाऱ्याच्या मागोमाग बब्रुवानआबांना निरोप जायचा. आबा आचारी नव्हते, भटजी नव्हते, नवरीचे मामाही नव्हते. जवारी-तुरीची शेती करणारा साधा माणूस. पण त्यांची जीभ साऱ्या पंचक्रोशीच्या कामाची होती. चुलवणावर आमटी रटरटायला लागली की आचारी पळीभर आमटी द्रोणात घालून त्यांच्यापुढं धरायचा. आबा फुंकर मारायचे, डोळे मिटायचे, जीभ टाळूला लावून गप्प बसायचे. सारा मांडव त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचा. मग निकाल यायचा, "आजून एक मूठ टाक. ल्हान मूठ." आचारी लहान मूठ टाकायचा आणि आमटी ठिकाणावर यायची. पंगतीमागून पंगती उठायच्या, पण वाढप्याला कुणी मीठ मागायचं नाही.

गावाला या जिभेचं कौतुक होतं, लक्ष्मीबाईंना मात्र तिचा जाच होता. भाजीत मीठ कमी पडलं तरी आबा ताट भिरकावणाऱ्यांतले नव्हते. ते नुसते विचारायचे, "आज कुणाचं सुतक हाय का?" सुतकाच्या दिवसांत घरात अळणी खातात, म्हणून हा टोमणा. तो लक्ष्मीबाईंना असा झोंबायचा की त्यापरीस दोन शिव्या बऱ्या. दुसरा टोमणा दृष्टीवरचा. लेकराबाळांची दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या चुलीत टाकायला त्या निघाल्या, की ओसरीवरून आबांचा आवाज यायचाच, "आगं, मीठ चुलीत कशाला घालतीस? कालवणात घाल की!"

आबांच्या कमरेला एक चंची असायची. एका कप्प्यात पानं, एकात सुपारी, एकात चुन्याची डबी, आणि शेवटच्या कप्प्यात खडेमीठ. हे मीठ कमलसाठी. कमल म्हणजे त्यांच्या उत्तरेश्वराची, एकुलत्या मुलाची, पोर. अकरा-बारा वर्षांची, काटक, तोंडानं फटकळ. विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं तिथं, बसून दोघं कैरी खायची, चिंचेचा कोवळा पाला खायची, काहीच नसलं तर नुसता खडा चघळायची. आजा-नातीचं गूळपीठ होतं, आणि तेही मिठावरचं. मोटेवरचा गडी हसायचा. आबा म्हणायचे, "हसतूस काय? घराण्याची जीभ हाय. पुढं चालवाया कुनीतरी पायजे."

त्या वेळी दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, पेट्रोल मिळत नव्हतं. कोळशावरच्या मोटारी धूर काढत सोलापूर-हैदराबाद सडकेनं धापा टाकत जायच्या, आणि चढ आला की उतारूंना खाली उतरून ढकलाव्या लागायच्या. त्या पावसाळ्यात गावभर लेकरांना खरूज उठली. कमलच्याही हातापायांवर फोड आले, चिघळले, गंधकाच्या तेलानं वाळले. लोक विसरून गेले. दिवाळी तोंडावर आली तेव्हा सकाळी उठल्यावर कमलचं तोंड भरल्यासारखं दिसायला लागलं. आल्यागेल्या बायका म्हणायच्या, "पोर अंगानं भरली गं, गोरीगोमटी दिसाया लागली." ती सूज आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाळसं म्हणून जिचं कौतुक केलं, ती पोर आतून आजारी होती.

मग डोकं दुखायला लागलं. कमल कपाळाला फडकं आवळून उन्हात बसायची. एक दिवस घोळणा फुटला आणि परकराच्या ओच्यावर रक्त सांडलं. लक्ष्मीबाईंनी कांदा फोडून नाकाला लावला, दृष्ट काढली. "उष्णता झाली," सगळे म्हणाले. उष्णतेवर घरचं औषध ठरलेलं, मीठ घातलेलं ताक. आबांनी स्वतःच्या हातानं तांब्याभर ताक घुसळलं, चंचीतले खडे चुरून त्यात जरा जास्तच घातले आणि लाडानं तिला पाजलं. रोज पाजलं.

एका संध्याकाळी चुलीपुढं बसलेली कमल म्हणाली, "आबा, चुली दोन दिसत्यात."

आबा उठले. दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं ते आणि उत्तरेश्वर तिला घेऊन सोलापूरला निघाले. नळदुर्ग मागं पडलं, करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका आला, चपराशानं भाकरीचं गठुडं दाबून पाहिलं आणि सोडलं. निजामाचा मुलूख सरला, इंग्रजाचा लागला. पोर आबांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

सोलापूरचे डॉक्टर वयस्क, कमी बोलणारे. त्यांनी कमलच्या पापण्या बघितल्या, पायाच्या नडगीवर अंगठा दाबला, खड्डा पडतो का पाहिलं. "लघवी काळपट होते का गं?" त्यांनी विचारलं. कमलनं मान खाली घालून हो म्हटलं. घरात हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग डॉक्टरांनी एक लाकडी पेटी उघडली. आत काचेच्या नळीत पारा उभा. पोरीच्या दंडाला त्यांनी फडकं गुंडाळलं, रबराचा फुगा दाबत गेले, आणि पारा वर चढला. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच केलं. मग दुसरा हात घेतला.

"रक्ताचा दाब आहे," ते म्हणाले. "फार आहे."

आबांना वाटलं, डॉक्टरांची चूक होतेय. "डाक्टरसाब, दाबाचा आजार म्हाताऱ्यांचा. आमच्या गावच्या देशमुखाला व्हता. ह्या लेकराला कसा व्हईल? माजा हात बघा तुमी."

म्हाताऱ्याची समजूत पटावी म्हणून डॉक्टरांनी त्यांचाही हात बघितला आणि हसून म्हणाले, "तुमचा दाब तरण्या माणसाचा आहे, आजोबा. हिला झालंय ते वेगळं. खरजेच्या फोडांतलं विष मूत्रपिंडाला बाधलंय, त्याला सूज आलीय, म्हणून दाब चढलाय. लेकरांनाही होतो. लक्षात येत नाही, कारण त्यांचा दाब कुणी बघतच नाही." मग हसू गेलं. "असाच चढत राहिला तर झटके येतील, नजर जाईल, जिवावर बेतेल. माझ्याजवळ रामबाण औषध नाही. अंथरुणावर पडून राहायचं, पाणी बेतानं, आणि मीठ बंद. चिमूटभरसुद्धा नाही. हे सांभाळलंत तर पोर वाचेल."

परतीच्या वाटेवर आबांचा हात सारखा चंचीकडं जाऊन माघारी यायचा. ज्या खड्यांवर नातीचा जीव, तेच तिच्या जिवावर उठले, हे त्यांना गिळवत नव्हतं.

घरात वेगळाच पेच. लक्ष्मीबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "भरल्या घरात लेकराला सुतकाचं अन्न वाढू? माज्या हातानं व्हनार न्हाय." आणि कमल तर अळणी भाकरीचा तुकडा तोंडात धरायची आणि थुंकायची. "आबा, माती लागतीय." दोन दिवस ती जवळजवळ उपाशी राहिली.

तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. अणदूरचा खंडोबा मार्गशीर्षात नळदुर्गाला जातो आणि पौष सरता सरता परत गावात येतो. पालखी निघाली त्या दिवशी आबा देवळापुढं उभे राहिले आणि चारचौघांत मोठ्यानं बोलले, "देवा, तू माघारी येईस्तवर माजं सारं घर अळनी खाईल. म्या सुदीक. पोर तेवढी सांबाळ."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. बब्रुवानआबा आणि अळणी! आबा घरी आले, चंचीचा शेवटचा कप्पा उपडा केला आणि ते खडे बैलाला चाटायला घातले. कमलच्या अंथरुणाशेजारी बसून म्हणाले, "आता तुज्या एकटीचं पथ्य न्हाय. आपल्या घराचा नवस हाय. खातीस का न्हाय?" नवस म्हटल्यावर लक्ष्मीबाईंचंही मन उजळलं. सुतकाचं अन्न वेगळं आणि देवाचं वेगळं. पोर जेवायला लागली.

इथंच घात झाला, आणि तो सगळ्यांनी मिळून, मनोभावे केला. नवस म्हणजे उपास, आणि उपासाला मीठ चालत नसलं तरी सैंधव चालतं. पिढ्यान्‌पिढ्या चालतं. एकादशीला चालतं, शिवरात्रीला चालतं. सैंधव म्हणजे मीठ, असं त्या घरात कुणी कधी म्हटलंच नव्हतं. लक्ष्मीबाईंनी देवाचं म्हणून सोवळ्यानं सैंधव कुटलं आणि भाजीत घातलं. डॉक्टरांनी सैंधवाचं नाव घेतलं नव्हतं, आणि ते घ्यावं लागेल हे त्यांना तरी सुचणार कसं?

पहिल्या घासाला आबांची जीभ टाळूला लागली. त्यांनी लक्ष्मीबाईंकडं बघितलं.

"सैंधव हाय," त्या म्हणाल्या. "देवाला चालतंय."

"मंग चालतंय," आबा म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. दोन दिवसांचा पेच सैंधवानं सोडवला होता. कमलही मिटक्या मारत जेवली.

पंधरवडा गेला. सूज उतरेना, डोकं दुखायचं थांबेना. एका सकाळी कमलनं "आबा" म्हणून हाक मारली आणि तिचे डोळे फिरले. दातखीळ बसली, हातपाय झटके द्यायला लागले. सून, कमलची आई, किंचाळली. भिंतीला भिंत लागून पिंजाऱ्याचं घर. तिथली ताहेराबी कापसानं भरलेल्या केसांनिशी धावत आली आणि पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. झटका ओसरला. पोर निपचित पडली.

उत्तरेश्वर मोटार थांबवायला सडकेवर पळाला. इकडं लक्ष्मीबाईंनी कपाळ बडवून घेतलं. "नवस बाटला. ह्या घरात कुनीतरी चोरून मीठ खाल्लंय!" सुनेनं लेकराची शपथ घेतली. मग सगळ्यांच्या नजरा आबांकडं वळल्या. आबांनी चंची सोडून सगळ्यांपुढं झटकली. पानं, सुपारी, चुन्याची डबी. खडा एकही नाही.

ताहेराबीचं लक्ष पोरीकडं होतं. कमल शुद्धीवर येऊन हळूहळू बोलायला लागली, तेव्हा मोटार येईपर्यंत पोटात काहीतरी जावं म्हणून तिनं वरणभात कालवला, फार कढत नाही ना म्हणून बोटानं चाखला, आणि तिचा हात थांबला.

"भाबी, इसमें तो नमक हाय."

"ते सैंधव हाय, ताहेरा. आमच्यात उपासाला चालतंय."

ताहेराबीनं वाडगं खाली ठेवलं. "देवाला चालत आसंल, भाबी. डाक्टरला इचारलं का?"

तिचे रोजे कडक असायचे. तिला हे चालतं आणि ते चालत नाही, हा हिशेब माहीत नव्हता. खारट लागतं ते मीठ, एवढंच तिला माहीत. लक्ष्मीबाईंनी वाडग्यात बोट बुडवून चाखलं.

आणि आबा? लक्ष्मीबाईंना कळलं नाही, सुनेला कळलं नाही, ते एक वेळ ठीक. त्यांच्या जिभेला तर पहिल्या घासाला कळलं होतं. गावोगावचे आचारी जिच्यापुढं द्रोण धरायचे ती जीभ ओरडून सांगत होती, हे मीठ आहे. आणि गोड लागलं म्हणून त्यांनी तिला गप्प बसवलं.

सोलापुरात त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, स्वतःचं नाव पहिलं घेऊन. "माज्या जिभेला ठावं व्हतं, डाक्टरसाब." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. रागावले नाहीत. "आणखी आठ दिवस असंच गेलं असतं तर काही उरलं नसतं," एवढंच म्हणाले. पोरीला त्यांनी ठेवून घेतलं, सुया टोचल्या, आणि आबा त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात घोंगडं टाकून राहिले.

परत आल्यावर आबा चुलीपुढं पाट टाकून बसले. ज्या माणसानं जन्मात कधी पातेल्याचं झाकण उचललं नाही, तो आता कमलच्या ताटातला प्रत्येक पदार्थ आधी स्वतःच्या जिभेवर घ्यायला लागला. पूर्वी मीठ कमी पडलं का बघायचे, आता कणभर तरी राहिलं का बघायचे. पापड गेला, लोणचं गेलं, सैंधवाचा खडाही बैलाकडं गेला. कोथिंबीर वाटा, लिंबू पिळा, ओवा टाका, चिंचेचा कोळ घाला, असे त्यांचे हुकूम सुटायचे. लक्ष्मीबाई करवादायच्या, पण करायच्या. ताहेराबी भिंतीवरून पुदिना द्यायची. आबा पहिला घास चाखून म्हणायचे, "हां, झ्याक जमलंय," आणि आपल्या ताटातलं तसलंच अळणी कालवण कमलसमोर बसून शेवटच्या शितापर्यंत खायचे. ती थाप पोरीला कळायची. पण आजा खातोय म्हणून तीही खायची.

सूज उतरली. लघवीचा रंग पालटला. देव नळदुर्गाहून परत आला त्या सुमाराला पारा पुष्कळ खाली आला होता. आणखी काही महिन्यांनी डॉक्टरांनी पेटी मिटली आणि म्हणाले, "आता हिला थोडं मीठ द्या. दाब जागेवर आला."

त्या दिवशी आबांनी तिच्या भाकरीवर स्वतः चिमूटभर मीठ घातलं. पोरीनं ते चाखलं आणि खुदकन हसली. आबांनी आपल्या ताटात मात्र घेतलं नाही.

याचं कारण गावात होतं. विहिरीवर कुजबुज सुरू झाली होती. बब्रुवानाच्या नातीला म्हाताऱ्यांचा आजार आहे म्हणं, फिट येती म्हणं, सोलापुरास नेतात. असली गोष्ट एकदा पाण्याबरोबर घरोघर गेली की पोरीच्या कपाळाला चिकटून बसते. बरी झाली तरी चिकटून बसते. आबा एक दिवस पारावर गेले, पान लावता लावता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दाब माजा हाय. डाक्टरची पेटी माज्यासाटी. पोरीला सोबतीला नेत व्हतो. मीठ बंद केलंय मला, जन्मभर."

लोकांना ते लगेच पटलं. म्हाताऱ्याचा आजार म्हाताऱ्याला झाला, यात नवल काय? पण गावात कुणाच्या ताटात काय पडतं हे लपत नाही. तेव्हा एकदा बोललं की ते निभवायला हवं. मांडवांतली बोलावणी बंद झाली. आचारी वाटेत भेटले तर हळहळायचे, "आबा, तुमी न्हाय तर चव न्हाय." आबा हसून पुढं जायचे. आतल्या आत त्यांनी आणखी एक गोष्ट ठरवली होती. जी जीभ ऐन वेळी स्वार्थी झाली, तिला हीच शिक्षा. घरच्यांनी कितीदा म्हटलं, आता घरात तरी खावा, कोण बघतंय? त्यांनी ऐकलं नाही.

कमल मोठी झाली, उमरग्याचं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा शाळेत मास्तर. बोलणी करताना मुलाच्या आईनं सहज विचारलं, "तुमच्याकडं कुनाला तरी दाबाचा आजार हाय म्हनं?" आबा म्हणाले, "मला हाय." सोयरीक जुळली.

लग्न उमरग्यालाच झालं, नवऱ्याच्या दारी. जेवणाची पानं मांडली. पानाच्या डोक्यावर आधी मीठ पडतं, मग बाकीचं. वाढप्याला आधीच ताकीद होती. आबांचं पान सोडून तो पुढं गेला. विहीणबाई स्वतः अळणी वरणाची वाटी घेऊन आल्या. मग नवरी पंगतीत तूप वाढायला निघाली. हिरवा चुडा, कपाळाला मुंडावळ्या. आबांच्या पानापाशी ती थांबली. तुपाचं भांडं तिनं खाली ठेवलं, वाढप्याच्या हातातल्या मिठाच्या वाटीतून चिमूट उचलली आणि आबांच्या पानाच्या डोक्यावर मीठ वाढलं.

"आबा, आता खावा," ती हळूच म्हणाली. "मला आता काय बी न्हाय."

"आगं बाई, त्यास्नी चालत न्हाय!" विहीणबाई ओरडल्या. पंगतीतले हात थांबले.

आबांनी पानाकडं बघितलं. ते खावं असं त्यांना फार वाटलं, खोटं कशाला सांगा. इतक्या वर्षांनी ज्या हातानं वाढलं होतं तो हात नातीचा होता. मग त्यांनी ते मीठ वेचून मुठीत घेतलं, उठले, आणि भर पंगतीत कमलच्या तोंडावरून मूठ ओवाळली. पुरुष माणसानं दृष्ट काढलेली त्या मांडवात कुणी पाहिली नव्हती. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आबा तसेच चालत चुलवणापाशी गेले आणि मूठ जाळात टाकली. मीठ तडतडलं.

बायकांच्या घोळक्यातून लक्ष्मीबाईंचा आवाज आला. "आवं, मीठ चुलीत कशाला घालताय? कालवणात घाला की!"

आबा वळून हसले. कमल मात्र हसली नाही. तुपाचं भांडं उचलून घ्यायला तिला बराच वेळ लागला. आबांनी हात धुतले, पानावर येऊन बसले आणि विहीणबाईंनी दिलेलं अळणी वरण भातावर ओतून घेतलं.